पांढऱ्या पेशी सैनिक कधी झाल्या?

‘पांढऱ्या पेशी म्हणजे आपल्या शरीराचे सैनिक.’ विज्ञानाच्या तासाला हे वाक्य कानावर पडले नाही असे मूल सापडणे कठीण. या सैनिकांच्या भरतीची तारीख मात्र जवळपास सांगता येते: डिसेंबर १८८२.

स्थळ सिसिली बेटावरचे मेसिना. रशियन प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेच्निकॉव्ह यांच्या घरची मंडळी सर्कशीत माकडांचे खेळ पाहायला गेली होती. हे एकटेच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तारामाशाच्या पाण्यासारख्या पारदर्शक अळीतल्या फिरत्या पेशी बघत बसले होते. बाहेरून काही घुसले तर या पेशी त्याला अडवत असतील का? शंका आली तसे ते उठले. काहीच दिवसांपूर्वी मुलांसाठी नाताळचे झाड सजवले होते, त्या बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा गराडा! आपल्या बोटात काटा मोडला की तिथे पू धरतो, तसाच हा प्रकार.

त्यांनी या पेशींना नाव दिले ते ‘भक्षक पेशी’, म्हणजे खाणाऱ्या. सैनिक नव्हे, खादाडच. पण त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला होता. शत्रू दिसू लागल्यावर फौज उभी राहायला कितीसा वेळ लागणार?

लगेच दुसरी बाजू पुढे आली. १८९० मध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की प्रतिकाराची ताकद रक्ताच्या पेशीविरहित द्रवातही असते. या द्रवातल्या प्रतिकार करणाऱ्या घटकांनाच पुढे प्रतिपिंडे म्हटले गेले. अखेर १९०८ चे नोबेल मेच्निकॉव्ह आणि प्रतिपिंडांचे पुरस्कर्ते पॉल एर्लिक यांना विभागून मिळाले. मुलांच्या वाट्याला मात्र मुख्यतः पेशींचीच गोष्ट आली. ढाल-तलवार घेतलेली पेशी फळ्यावर काढता येते, प्रतिपिंड काढायचे कसे?

लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा प्रकार तर कितीतरी वर्षे कोड्यासारखाच राहिला. प्रतिपिंडांचा माग १९५६ मध्ये कोंबडीच्या शेपटीजवळच्या एका पिशवीपर्यंत लागला, आणि तो शोध छापला कुक्कुटपालनाच्या नियतकालिकाने! १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी छातीतल्या थायमस ग्रंथीचे काम उलगडले: काही लिम्फोसाइट तिथेच घडतात. एकदा भेटलेल्या जंतूची आठवण ठेवणाऱ्या पेशी लिम्फोसाइटच्याच कुळातल्या. माझ्या मते मुलांना सांगण्याजोगी खरी गंमत आठवणीतच आहे, आणि नेमकी तीच लढाईच्या चित्रात हरवते.

लस या आठवणीवर चालते, पण लस आधी आली, कारण कितीतरी नंतर कळले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली, तेव्हा मेसिनातल्या काट्याला ८० वर्षे अवकाश होता. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्यावरची लस १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था ज्यांच्या नावाने आहे तेच हे हाफकिन, आणि ओडेसात ते मेच्निकॉव्ह यांचेच विद्यार्थी होते.

आज वर्गात बाह्या वर करायला सांगितल्या, तर बहुतेकांच्या डाव्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयावरच्या लसीचा, व्रण सापडेल. सुई टोचली त्या दिवशी तो नव्हता. काही आठवड्यांनी, तिथे पेशी जमल्यावर, फोड आला आणि मग तो उमटला.