जळालं म्हणून वाचलेलं ग्रंथालय

इ.स.पू. 612 मध्ये बॅबिलोनी आणि मीड फौजांनी निनेवे शहर जाळलं, त्यात अश्शूरच्या (अ‍ॅसिरियाच्या) असुरबनिपाल राजाचं ग्रंथालयही पेटलं. आजच्या इराकमधल्या मोसुलजवळची ही गोष्ट. मेण थापलेल्या लाकडी पाट्यांची राख झाली. पण बाकीची पुस्तकं होती मातीची. आगीचा त्यांना फायदाच झाला.

तिथली लिहायची रीत अशी: ओली चिकणमाती थापून पाटी करायची आणि बोरूचं टोक तिच्यात दाबायचं. रेघ ओढायची नाही, नुसतं दाबायचं. प्रत्येक दाबाला पाचरीसारखी खूण उमटते, म्हणून ही कीलाकार लिपी. पाटी मग बहुधा नुसती वाळवायची. वाळलेली माती कडक होते खरी, पण भिजली की पुन्हा चिखल. कच्चं मडकं पावसात ठेवून बघा! पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे मात्र मातीच्या कणांच्या रचनेत बांधलेलं पाणीच निघून जातं, आणि ते सहजी परत येत नाही. कुंभार आव्यात जे करतो, तेच निनेवेत अनेक पाट्यांच्या बाबतीत शत्रूने फुकटात करून दिलं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्रज उत्खनक ऑस्टिन हेन्री लेयार्ड आणि मोसुलचेच होर्मुझ्द रस्साम यांनी या पाट्या उकरून काढल्या. पुढे त्या वाचत बसला जॉर्ज स्मिथ. शाळा लवकर सुटलेला, नोटांचे ठसे कोरायचं काम शिकलेला माणूस. बारीक खुणा ओळखायची नजर तिथेच तयार झाली असणार, असं मला वाटतं. 1872 मध्ये जेमतेम वीतभराच्या एका तुकड्यावर त्याला डोंगराला टेकलेलं जहाज आणि जमीन शोधायला सोडलेलं कबुतर सापडलं. बायबलातल्यासारखीच प्रलयकथा, गिल्गमेश या राजाच्या प्राचीन मेसोपोटेमियन महाकाव्यातली! आनंदाच्या भरात तो खोलीभर धावत सुटला आणि अंगावरचे कपडे उतरवू लागला, असं सांगतात.

पुष्कळ पाट्यांच्या शेवटी राजाचं नाव आहे. काहींवर शापही: ही पाटी जो पळवेल, त्याचं नाव आणि वंश देव बुडवोत. त्या ग्रंथालयातल्या तीस हजारांहून जास्त पाट्या आणि तुकडे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.