हातकडी व गस्तीचा पट्टा

हातकडी व गस्तीचा पट्टा : अटक केलेल्या व्यक्तीचे हात जखडण्याची धातूची मनगटी बेडी, आणि ती बेडी, शस्त्र, वायरलेस संच, बॅटन असे साहित्य अंगावर वागवण्यासाठी गस्तीवरील पोलिसाने कमरेला बांधायचा रुंद पट्टा. या दोन वस्तूंची निवड एकत्रच करावी लागते. हातकडी कितीही भारी असली, तरी झटापटीत हात पोचत नाही अशा जागी ती अडकवली असेल तर नसल्यातच जमा. साहित्याने भरलेल्या पट्ट्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेत वाढली. ब्रिटनने तिला थोडे वेगळे वळण दिले. भारतात हातकडीचा प्रश्न साहित्याइतकाच कायद्याचा आहे.

पूर्वीच्या हातकड्या ठरावीक मापाच्या असत. जाड मनगटाला त्या लागत नसत आणि बारीक मनगटातून निसटत. 1862 साली डब्ल्यू. व्ही. अ‍ॅडम्स यांनी अमेरिकेत दातेरी, मनगटाबरहुकूम आवळता येणाऱ्या हातकडीचे पेटंट घेतले. 1912 मध्ये जॉर्ज कार्नी यांच्या पेटंटने खरा फरक पडला. त्यांच्या रचनेत कमान दोन पट्ट्यांमधून आरपार फिरते. त्यामुळे कडे मनगटावर दाबले की कमान वळसा घालून स्वतःच बंद होते, आणि पोलिसाचा दुसरा हात मोकळा राहतो. 1914 मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे स्थापन झालेल्या पीअरलेस कंपनीने हा नमुना रूढ केला. आजच्या बहुतेक हातकड्या त्याच जातीच्या आहेत.

रचना : प्रत्येक कड्याचे दोन भाग असतात. एक, दातेरी एकेरी कमान. दुसरा, दुहेरी पट्टी. ही कमान तिच्यामधून फिरते. दोन्ही भाग एका रिव्हेटवर जोडलेले असतात. दुहेरी पट्टीच्या जाड भागात कुलूप असते. त्यातली स्प्रिंगवरची खिट्टी दातांत अडकते आणि कमानीला पुढे जाऊ देते, मागे येऊ देत नाही. म्हणजे नुसती बंद केलेली हातकडी अजून आवळू शकते, आणि बहुतेक दुखापतींचे मूळ इथेच आहे. यावर उपाय म्हणजे डबल लॉक. किल्लीच्या मागच्या टोकाला असलेल्या बारीक खुंटीने कड्याच्या कडेवरची पिन दाबली, किंवा काही नमुन्यांत खाचेतील खटका सरकवला, की खिट्टी जागच्या जागी जखडते. मग कमान मागेही येत नाही आणि पुढेही जात नाही. सोडवताना किल्ली आधी एका दिशेला फिरवून डबल लॉक काढायचे आणि नंतर उलट फिरवून कुलूप. घाईत हा क्रम विसरणारे लोक किल्ली वाकवतात किंवा मोडतात.

डबल लॉकचा दुसरा उपयोगही तितकाच मोठा आहे. नुसत्या खिट्टीवर बंद असलेले कडे दात आणि खिट्टी यांच्यामध्ये पातळ पत्रा सरकवून उघडता येते. खिट्टी जखडली की तो मार्ग बंद होतो.

प्रकार : साखळीची, बिजागरीची आणि ताठ असे तीन प्रकार गस्तीत चालतात. साखळीची हातकडी मऊ वागते. चटकन घालता येते, घडी करून छोट्या पाऊचमध्ये बसते, आणि अंगाने स्थूल किंवा खांदे आखडलेल्या माणसाचे हात मागे नेताना थोडी मोकळीक देते. पण या मोकळिकीमुळेच दोन मनगटांत चळवळ राहते. बिजागरीची हातकडी ही चळवळ कमी करते. मात्र ती जाड असते, साखळीच्या हातकडीसाठी शिवलेल्या पाऊचात अडते, आणि प्रतिकार करणाऱ्याचे दुसरे मनगट नेमक्या कोनात आणल्याशिवाय लागत नाही. ताठ हातकडीत दोन कड्यांच्या मध्ये प्लास्टिकची घट्ट मूठ असते. एक कडे लागताच ती मूठ पकडून हातावर ताबा ठेवता येतो, म्हणून ब्रिटिश पोलिसांत 1990 नंतर हा प्रकार पसरला. पण तिच्याच तरफेने मनगट पिरगळलेही जाते, त्यामुळे प्रशिक्षणाशिवाय ती हातात देणे बरे नव्हे. नव्याने गस्तीवर जाणाऱ्याने पहिली जोडी साखळीची घ्यावी. बिजागरीची दुसरी जोडी सराव झाल्यावर.

मोर्चा किंवा दंगलीत एकदम पन्नास जण पकडायचे असतील तर नायलॉनच्या पट्ट्या वापरतात. त्या हलक्या आणि स्वस्त असतात, पण एकदा आवळल्या की सैल होत नाहीत. त्या कापण्याची कात्री सोबत नसेल तर त्या बांधूच नयेत.

निवड : पोलादी साखळीच्या एका जोडीचे वजन सुमारे 280 ग्रॅम असते. नेहमीच्या मापाच्या कड्याचा आतला घेर साधारण 15 ते 20 सें.मी.मध्ये बदलतो. त्यापेक्षा जाड मनगटासाठी मोठे माप मिळते. खांदे फारच रुंद असतील तर दोन जोड्या एकमेकींत अडकवून मागचे अंतर वाढवतात. पट्ट्यावर दोन जोड्या ठेवण्याचे हेही एक कारण आहे. अमेरिकेत 1982 च्या 0307.01 या सरकारी मानकात 2200 न्यूटन ताणाची व खाऱ्या फवाऱ्याची कसोटी होती, आणि 2014 मध्ये 1001.00 हे नवे मानक आले. ज्या मालावर कोणत्याच मानकाचा उल्लेख नाही तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. शोभेच्या हातकड्यांत अनेकदा किल्लीविना उघडण्याचा खटका असतो, तेवढी एकच गोष्ट त्या बाद करायला पुरेशी आहे.

नवी जोडी हातात आली की तिची तपासणी पाच मिनिटांत होते. प्रत्येक कमान वीसेक वेळा आरपार फिरवून पाहावी. ती मध्येच अडता कामा नये. मग एकेका दातावर थांबवून मागे ओढावी. एक दात जरी घसरला तरी जोडी परत करावी. आतल्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवावा. जिथे तंतू अडकतो तिथे धातूचा कंगोरा उरलेला असतो, आणि तोच पुढे कातडी कापतो. दोन्ही कडी डबल लॉक करून, स्वतःच्या किल्लीने आणि सहकाऱ्याकडच्या दुसऱ्या बनावटीच्या किल्लीने उघडून पाहावीत. प्रमाण किल्ली बहुतेक हातकड्यांना चालते खरी, पण काही किल्ल्यांची खुंटी इतकी जाड असते की पिनच्या भोकात शिरत नाही.

पाऊचमध्ये ठेवतानाही एक युक्ती आहे. कमान शेवटच्या दोन-तीन दातांपर्यंत आणून ठेवतात, म्हणजे मनगटावर हलका दाब पडताच ती सुटून फिरते. कमान मागेच राहिली तर दहा-बारा दात करकरत पार करावे लागतात, आणि तेवढ्यात समोरचा हात हिसडतो. फार तंग पाऊच, किंवा गाडीच्या सीटचा दाब, यांमुळे डबल लॉकची पिन आतल्या आत दाबली जाते. मग ऐन वेळी हातकडी फिरतच नाही. म्हणून ड्यूटी सुरू होताना एकदा कमान फिरवून पाहायची सवय लावतात.

लावण्याची पद्धत : हात पाठीमागे, तळवे बाहेरच्या बाजूला, किल्लीची भोके वर किंवा बाहेर, म्हणजे उघडताना शोधावी लागत नाहीत. कडे मनगटाच्या हाडाच्या वर, हाताच्या बाजूला नव्हे तर कोपराच्या बाजूला, घातले जाते. त्यानंतर करंगळीचे टोक कडे आणि मनगट यांच्यात शिरते का हे पाहून डबल लॉक करायचे, आणि मगच अंगझडती. कडे मनगटावर आपटून लावणे चित्रपटात शोभते, प्रत्यक्षात हाडाला इजा करते. फार आवळल्यास अंगठ्याच्या बाजूने जाणारी रेडियल मज्जातंतूची वरवरची शाखा दबते, आणि अंगठा व तर्जनीच्या पाठीवरची बधिरता कित्येक आठवडे टिकू शकते. ‘हात बधिर झालाय’ ही तक्रार नाटक समजून सोडू नये. बोटे थंड किंवा निळसर दिसताच कडे सैल करावे. पालथे पाडून हातकडी घातलेल्या माणसाला लगेच कुशीवर वळवून बसते करतात, कारण पाठीवर दाब असताना त्या स्थितीत श्वास गुदमरतो.

पट्टा : खांद्यावरून तिरका पट्टा घेणारा ‘सॅम ब्राऊन’ प्रकार ब्रिटिश हिंदी लष्करातील सॅम्युअल ब्राऊन या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो. 1858 मध्ये उठावातील एका लढाईत त्याचा डावा हात तुटला. एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून त्याने तो योजला. पुढे तो अमेरिकी पोलिसांपर्यंत पोचला. झटापटीत तिरका पट्टा पकडून पोलिसालाच खेचता येत असल्याने तो गणवेशातून बव्हंशी गळाला आणि कमरेचा पट्टा उरला.

हल्लीचा पट्टा दुहेरी असतो. पँटच्या लुपांतून जाणारा सुमारे 38 मि.मी.चा आतला पट्टा, त्यावर सुमारे 57 मि.मी.चा बाहेरचा, आणि दोघांना बांधणारे किमान चार किपर. किपर नसतील तर पिस्तूल उपसताना होल्स्टरबरोबर पट्टाही वर येतो. चामडे देखणे दिसते, पण पावसात फुगते आणि वजनाने लोंबते. नायलॉन हलके आणि धुण्याजोगे असते, पण आत ताठ पट्टी नसेल तर गुंडाळते.

आता जागेचा हिशेब. 90 सें.मी. घेराच्या कमरेवर बक्कलासाठी पुढे 10 सें.मी. आणि पाठीच्या कण्यावर 10 सें.मी. रिकामे सोडले की 70 सें.मी. उरतात. कण्यावर काहीही अडकवू नये. मागे पडल्यास ती वस्तू थेट मणक्यात घुसते. होल्स्टर 9, दोन मॅगझिनांचे पाऊच 8, वायरलेस 7, टेझर (विजेचा झटका देणारे पिस्तुलासारखे साधन) 10, हातकडीची दोन पाऊच 14, बॅटन 4, पेपर स्प्रे 5, टॉर्च 4, टूर्निके (रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा) 5 आणि चार किपर मिळून 10. बेरीज 76 होते. बारीक कमरेच्या शिपायाची, विशेषतः महिला पोलिसांची, अडचण यापेक्षाही मोठी. म्हणून टूर्निके, वायरलेस आणि दुसरी हातकडी छातीवरच्या जॅकेटवर नेतात. त्याने कंबर व नितंबावरचा भारही कमी होतो. पूर्ण भरलेला पट्टा सात-आठ किलोंच्या घरात जातो, आणि तो वागवत आठ तास गाडीत बसणाऱ्याची पाठ हमखास दुखते.

वस्तूंचा क्रम हाताच्या सवयीने ठरतो. होल्स्टर उजव्या (म्हणजे चालत्या) हाताला. ते हिसकावता येऊ नये म्हणून अंगठ्याने सुटणारे एकापेक्षा जास्त अडसर असलेले घ्यावे. मात्र होल्स्टरवरच्या सुरक्षेच्या पातळ्या प्रत्येक कंपनी आपापल्या हिशेबाने मोजते, तेव्हा आकड्यापेक्षा हाताने करून पाहणे बरे. निदान एक हातकडी तरी दोन्ही हातांना पोचेल अशी, कमरेच्या पुढच्या अर्ध्या भागात हवी. टेझर नेहमी पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला. 2009 च्या पहिल्या दिवशी अमेरिकेतील ओकलंडमध्ये ऑस्कर ग्रँट आणि 11 एप्रिल 2021 रोजी मिनेसोटात डाँटे राइट यांचा मृत्यू झाला, त्या दोन्ही खटल्यांत पोलिसांचे म्हणणे टेझरऐवजी पिस्तूल हातात आले असे होते. दुसऱ्या घटनेत तर टेझर विरुद्ध बाजूलाच होते, म्हणजे जागा योग्य असूनही सराव लागतोच. गाडीचाही विचार हवा. अमेरिकेत चालकाच्या सीटबेल्टचे बक्कल उजव्या कमरेशी, थेट होल्स्टरला भिडते. भारतात आणि ब्रिटनमध्ये ते डावीकडे येते, त्यामुळे तिथे वायरलेस किंवा टेझर अडतो.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रात न्यायालयाच्या आवारात कैदी पार्टीचा हवालदार आरोपीचा हात हातात धरून चालताना दिसतो, त्याचे मूळ निकालांत आहे. प्रेमशंकर शुक्ल खटल्यात (1980) सर्वोच्च न्यायालयाने सरसकट हातकडी अमानुष ठरवली आणि घालायचीच तर कारणे नोंदवणे बंधनकारक केले. गुवाहाटीतील रुग्णालयात खाटेला जखडलेल्या स्थानबद्धांच्या प्रकरणात (1995) दंडाधिकाऱ्याच्या परवानगीवर आणखी भर दिला गेला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43(3) मात्र सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेले, तसेच दहशतवाद, खून, बलात्कार, अ‍ॅसिड हल्ला, अमली पदार्थ, मानवी तस्करी अशा गुन्ह्यांतील आरोपींना अटकेच्या किंवा न्यायालयात हजर करण्याच्या वेळी हातकडी घालण्याची मुभा देते. मुभा म्हणजे सक्ती नव्हे. गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्य पाहूनच ती वापरायची आहे. स्टेशन डायरीत वेळ, कारण, डबल लॉक केल्याची आणि मनगट तपासल्याची नोंद असेल तर पुढचे बरेच प्रश्न तिथेच मिटतात.

देखभाल : निकेलचा मुलामा दिलेले पोलाद बाहेरून चकचकीत राहते आणि आतून, खिट्टी घासते तिथे, गंजते. कोकण किनाऱ्यावर, पावसाळ्यात, हे महिन्याभरात घडते. तिथे स्टेनलेस पोलाद घ्यावे. रक्त किंवा थुंकी लागल्यास साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मग तेलाचा एखादा थेंब किंवा ग्राफाइटची पूड टाकावी. ब्लीच वापरू नये. ते मुलामा खाते. जास्त तेलात धूळ चिकटून खिट्टी जड होते. रिव्हेट सैल झाला, दाताची धार गोल झाली किंवा स्प्रिंग थकली तर दुरुस्तीच्या फंदात न पडता जोडी मोडीत काढतात.