समुद्र चढला की जमीन खचली?

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्याजवळ लोव्हग्रुंड नावाचं बेट आहे. तिथल्या एका खडकावर अँडर्स सेल्सियस यांनी १७३१ मध्ये पाण्याच्या पातळीला एक खूण कोरून घेतली. तापमानाच्या मापामुळे आपल्याला माहीत असलेले हेच ते सेल्सियस. जुन्या पिढ्या सील मारायला ज्या खडकांवर टपून बसत, ते खडक आता पाण्याबाहेर इतके उंच आले होते की सील त्यांवर चढूच शकत नव्हते. त्यावरून सेल्सियस यांनी निष्कर्ष काढला की समुद्राचं पाणी घटतंय. निरीक्षण अचूक होतं, पण कारण चुकलं. हिमयुगात तिथे किलोमीटरभराहून जाड बर्फ होता. त्याचं ओझं उतरल्यावर दबलेली जमीन हळूहळू वर येऊ लागली आणि हजारो वर्षांनंतर आजही ती येतेच आहे.

समुद्रपातळी मोजण्यातली खरी अडचण इथेच आहे. किनाऱ्यावरची पट्टी पाणी आणि जमीन यांच्यातलं अंतर सांगते. त्या दोघांपैकी कोण हललं, हे ती सांगत नाही. म्हणूनच एका बंदराचा आकडा दाखवून ‘समुद्र वाढलाच नाही’ असं कुणी म्हणतं, तेव्हा तिथली जमीन काय करतेय हे आधी विचारायला हवं. स्टॉकहोमच्या १७७४ पासूनच्या नोंदींत समुद्र उतरताना दिसतो. भूजल उपसल्यामुळे खचलेल्या जकार्तात तो झपाट्याने चढताना दिसतो.

सुरुवातीला कुणीतरी ठरलेल्या वेळी जाऊन उभ्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. इंग्लंडमध्ये शीअरनेस इथे १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला आपोआप नोंद करणारं भरतीमापक यंत्र बसलं. रचना अगदी साधी. पाण्यात एक उभी नळी, तिला खाली लहानसं भोक. लाटा बाहेर कितीही आपटल्या तरी भोकातून पाणी सावकाशच आत-बाहेर होतं, त्यामुळे नळीतलं पाणी शांत राहतं. त्यावर एक तरंगता गोळा, गोळ्याला जोडलेलं पेन आणि घड्याळाच्या चावीवर फिरणाऱ्या दंडगोलावर गुंडाळलेला कागद. त्या कागदावर भरती-ओहोटीची रेघ उमटत राहते. बंदरात जहाजं सुखरूप यावीत म्हणून जपलेल्या या नोंदींतून पुढे हवामानबदलाचा पुरावा निघेल, असं तेव्हा कुणाच्या मनातही नसेल. जगभरच्या नोंदी एका ठिकाणी आणण्याचं काम १९३३ मध्ये लिव्हरपूलला सुरू झालं.

ऑगस्ट १९९२ मध्ये टोपेक्स-पोसायडन उपग्रह सुटला. १,३३६ किलोमीटर उंचीवरून रडारचा स्पंद पाठवायचा, तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचं, आणि दर दहा दिवसांनी पृथ्वीचा तोच फेरा. आता संदर्भ किनाऱ्याचा नव्हता, पृथ्वीच्या केंद्राचा होता. पण उपग्रहही चुकतो. पहिल्या सहा वर्षांतली मोजमापं किंचित जास्त येत होती, त्यामुळे नंतरचा वाढता वेग झाकला गेला. किनाऱ्यावरच्या भरतीमापकांशी ताडून पाहिल्यावर ही चूक उघडी पडली. मला या सगळ्या इतिहासातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

वाढ दिसली, तरी ती कशामुळे हे कोडंच होतं. समुद्राचं पाणी तापलं की प्रसरण पावतं. जमिनीवरचा बर्फ वितळला की समुद्रात पाण्याची भर पडते. (आधीपासून तरंगणारा बर्फ वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही, कारण आपल्या वजनाइतकं पाणी त्याने आधीच बाजूला सारलेलं असतं.) पण विसाव्या शतकातल्या या कारणांची बेरीज मोजलेल्या वाढीइतकी येईना. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मुंक यांनी २००२ मध्ये आपल्या निबंधाच्या शीर्षकातच याला कोडं म्हटलं. त्याच वर्षी ग्रेस ही उपग्रहांची जोडी अवकाशात गेली. दोघांमधलं सुमारे २२० किलोमीटरचं अंतर गुरुत्वाकर्षणाने किती कमी-जास्त होतं, त्यावरून खालच्या बर्फाचं वजन घटलं की वाढलं ते कळू लागलं. दुसरीकडे समुद्रात सोडलेली आर्गो तरंगक ही आपोआप चालणारी यंत्रं दोन किलोमीटर खोल बुडी मारून पाण्याचं तापमान आणि क्षारता (खारटपणा) टिपत वर येऊ लागली.

मग हिशोब जुळत गेला. हवामानबदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. १९७१ पर्यंत वर्षाला १.३ मिलिमीटर असलेला वेग २००६ ते २०१८ मध्ये ३.७ वर गेला. १९७१ नंतरच्या वाढीतला निम्मा वाटा पाण्याच्या प्रसरणाचा होता. बाकीचा बहुतेक वितळणाऱ्या हिमनद्यांचा आणि ग्रीनलंड-अंटार्क्टिकावरच्या हिमचादरींचा.

अधूनमधून समुद्र उलटाही जातो. २०१०-११ च्या ला निनात, म्हणजे प्रशांत महासागराच्या विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा थंड होतं त्या काळात, ऑस्ट्रेलियासह काही भूभागांवर इतका पाऊस पडला की जगाची सरासरी पातळी काही मिलिमीटरनी उतरली. ते पाणी परत समुद्रात आलं आणि पातळी पुन्हा चढू लागली. वाढ सगळीकडे सारखीही नसते. ग्रीनलंडचा बर्फ आपल्या वस्तुमानाने आजूबाजूचं पाणी स्वतःकडे ओढून धरतो. तो वितळला की ती ओढ सैल होते, पाणी दूर सरकतं आणि त्या बर्फाजवळच्या किनाऱ्यावर समुद्र चक्क खाली जातो. वाढ दूरच्या किनाऱ्यांच्या वाट्याला येते.