हिमेजीचा किल्ला रंगवलेला नाही

27 मार्च 2015 रोजी जपानमधल्या हिमेजी किल्ल्याचा मुख्य मनोरा साडेपाच वर्षांच्या दुरुस्तीनंतर पुन्हा खुला झाला, तेव्हा अनेकांना तो भलताच पांढरा वाटला. जपानी लोक या किल्ल्याला 'शिरासागी-जो', म्हणजे पांढऱ्या बगळ्याचा किल्ला म्हणतात. त्यावर 'शिरोसुगी-जो', फाजील पांढरा किल्ला, अशी कोटी निघाली. जुन्या वास्तूला नवा ऑइलपेंट फासला असा समज आजही सहज होतो. प्रत्यक्षात तिथे रंगाचा थेंबही लावलेला नाही. तो पांढरेपणा चुन्याच्या गिलाव्याचा आहे, आणि 1609 मध्ये इथला सरदार इकेदा तेरुमासाने मनोरा पुरा केला तेव्हा तो असाच दिसत असणार.

हा मनोरा खराखुरा जुना, लाकडी आहे. ओसाकाच्या किल्ल्याचा आजचा मनोरा 1931 सालचा, सिमेंट काँक्रीटचा. आत लिफ्ट आहे. हिमेजीत मात्र बूट काढून, पिशवीत घालून हातात धरायचे आणि उभ्या जिन्यांनी चढायचे. बाहेरून पाच मजले दिसतात, आत सहा आणि खाली एक तळघर. 1956 ते 1964 या काळात संपूर्ण मनोरा उतरवून, खाली काँक्रीटचा पाया घालून पुन्हा जोडला होता. 2009 साली सुरू झालेले काम मुख्यतः कौलांचे आणि गिलाव्याचे. सुमारे 75 हजार कौले उतरवून तपासली आणि चुना नव्याने चढवला.

भिंतीचा गाभा मातीचा आहे. बांबूच्या कामट्यांची जाळी बांधायची आणि तिच्यावर पेंढा मिसळलेली चिकणमाती थरावर थर चढवायची. कोकणातला कुड ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे समजावायला नको. हिमेजीत हा कुड चांगला जाड असतो आणि त्यावर शेवटी काही मिलिमीटरचा पांढरा थर येतो. त्याला म्हणतात शिक्कुई.

शिक्कुईत विरवलेला चुना असतो, शिंपले भाजून केलेला चुना असतो, भांगेच्या खोडाचे तागासारखे बारीक तुकडे केलेले धागे असतात आणि समुद्रशेवाळ उकळून काढलेली खळ असते. चुना सुकताना आकसतो. धागे त्या ओढीला धरून ठेवतात, म्हणून तडे जात नाहीत. खळीचे काम पाणी धरून ठेवण्याचे. ती नसेल तर खालची कोरडी माती गिलाव्यातले पाणी क्षणात शोषते, थापी अडखळते आणि थर पुढे पापुद्र्यासारखा सुटतो. आपल्याकडे किल्ल्यांच्या चुन्यात गूळ, उडीद, बेलफळाचा गर घातल्याचे सांगतात आणि लगेच 'हे गुप्त विज्ञान आज कुणालाच जमत नाही' असे जोडतात. ते खरे नाही. चिकट, साखरेच्या लांब साखळ्यांचे पदार्थ पाणी धरतात, चुन्याचे कण विखुरलेले ठेवतात. शेवाळाची खळही हेच करते. हे गवंडीकाम आजही शिकता येते.

आता खरी गंमत. हा थर नुसता वाळून घट्ट होत नाही. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकल्यावर ती दुधाळ झालेली आठवते? तीच क्रिया या भिंतीवर अतिशय संथपणे चालते.

100 किलो शुद्ध चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 किलो कळीचा चुना उरतो. त्याने 18 किलो पाणी घेतले की 74 किलो विरलेला चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, तयार होतो. भिंतीवर लावल्यावर तो हवेतून बरोबर 44 किलो कार्बन डायऑक्साइड परत घेतो, 18 किलो पाणी सोडतो आणि पुन्हा 100 किलो चुनखडी होतो. गवंडी भिंतीवर दगडच लावत असतो, फक्त मऊ अवस्थेतला. शिवाय घन भागाचे आकारमान सुमारे 11 टक्क्यांनी वाढते, त्यामुळे बारीक छिद्रे आतून भरत जातात.

पण हवेत हा वायू जेमतेम 0.04 टक्के. एक घनमीटर हवेत तो पाऊण ग्रॅमच्या आसपास असतो. एक किलो विरलेल्या चुन्याला लागतो सुमारे 600 ग्रॅम, म्हणजे पावणेआठशे घनमीटर हवेतला सगळा वायू. आठ-नऊ वर्गखोल्या भरतील इतकी हवा. त्यातही वायू थेट चुन्याला भिडत नाही. छिद्रांच्या कडेला पाण्याचा पातळ पापुद्रा लागतो. त्यात वायू आणि चुना दोघे विरघळतात आणि तिथे त्यांची गाठ पडते. छिद्रे पाण्याने गच्च भरली तर वायू आत शिरत नाही, कारण पाण्यातून तो हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. पार कोरडी पडली तर क्रिया थांबते. म्हणून कडक वाऱ्यात घाईने वाळलेल्या गिलाव्यावर हात फिरवला की पांढरे पीठ हाताला लागते, आणि गोठवणाऱ्या थंडीत आतल्या पाण्याचा बर्फ होऊन थर फुटतो.

वायूला आधी घट्ट झालेल्या थरातून पुढे जावे लागते, त्यामुळे खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: पहिल्या मिलिमीटरला एक महिना लागला तर तिसरा पुरा व्हायला एकूण नऊ महिने लागतील.

याच क्रियेत पांढरेपणा जाण्याचे कारणही दडले आहे. ताज्या चुन्याचा सामू (pH) 12 च्या वर असतो. त्यात बुरशी तग धरत नाही. चुनखडी होत गेली की पृष्ठभागाचा सामू 8-9 पर्यंत उतरतो आणि पावसाचा ओलावा मिळाला की काळी बुरशी रुजते. यावेळी बुरशीरोधक द्रव्य वापरूनही काही वर्षांत करडी छटा आलीच.

चुन्याचा मूळ हेतू आगीपासून बचाव. चुनखडी फुटायला 800 अंशांहून जास्त तापमान लागते, लाकूड त्याच्या कितीतरी आधी पेटते. छपराच्या टोकांवरचे 'शाची' नावाचे मासे आग दूर ठेवतात अशी समजूत होती. नागोयाच्या किल्ल्याच्या मनोऱ्यावर सोन्याने मढवलेले शाची होते. 14 मे 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तो जळाला. हिमेजीच्या मनोऱ्यावर पडलेला आगलावा बॉम्ब फुटला नाही, म्हणून तो उभा आहे. यात दैवी काही नाही: आत आग लागली असती तर बाहेरचा चुना काही करू शकला नसता.

हिमेजी स्थानकापासून सरळ रस्त्याने वीसेक मिनिटे चालले की किल्ला येतो. आत 'हो' नावाच्या दरवाज्यापाशी माती आणि खडी ठोकून केलेली तपकिरी, चुना नसलेली भिंत आहे. ती आधीच्या, सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी याच्या काळातली मानतात. ती पाहून मनोऱ्याकडे वळावे आणि आधी छपरे न्याहाळावीत. कौलांच्या सांध्यांवर चुन्याच्या गोलसर पट्ट्या आहेत, दुरून छप्परही पांढरे दिसते ते त्यांच्यामुळे. पाऊस थेट झेलणाऱ्या त्या पट्ट्याच आधी काळवंडतात. वळचणीखालचा चुना मात्र कोरडा राहतो आणि जास्त काळ पांढरा टिकतो.