शाई, जाळी आणि दाब : छापील प्रेशर सेन्सरची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही यंत्रावर, बोट टेकताच किंचित दबणारा सपाट कीपॅड दिसतो. तो रोज वापरणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना माहीत असते की त्याच्या आतील वायरिंग ओढलेले नसून छापलेले आहे. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर चांदीच्या शाईने मार्गिका छापतात, वर दुसरी फिल्म ठेवतात आणि दोघींमध्ये अंतर राखण्यासाठी चिकट थर घालतात. बोट दाबले की दोन्ही फिल्म एकमेकींना टेकतात आणि प्रवाह सुरू होतो. हाच कीपॅड ‘दाबले की नाही’ एवढ्यावर न थांबता ‘किती दाबले’ हेही सांगू लागला, की तो छापील प्रेशर सेन्सर होतो. हा फरक दिसायला लहान असला तरी तो घडून यायला शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि ती कथा माझ्या मते इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा छपाईची अधिक आहे.

दाब विजेने मोजण्याच्या दोन वाटा येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली वाट धातूची. तार ताणली की तिचा विद्युतरोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, बदलतो, हे विल्यम थॉमसन म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन यांनी १८५६ मध्ये दाखवले होते. त्याचा व्यवहारात उपयोग होण्यासाठी १९३८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांशी संबंध नसताना, पृष्ठभागावर चिकटवता येणारा तारेचा स्ट्रेन गेज, म्हणजे ताण मोजणारी पट्टी, तयार केला. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचे पोते ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढते, त्याच्या पोटातील लोड सेलमध्ये, म्हणजे भार मोजणाऱ्या भागात, या गेजचेच वंशज बसलेले असतात. धातूचा ठोकळा भाराने केसभर वाकतो, गेज ते वाकणे टिपतो, आणि आकडा इतका भरवशाचा येतो की त्यावर शेतकरी आणि अडत्या दोघेही व्यवहार करतात.

दुसरी वाट कोळशाची, आणि छापील सेन्सर याच घराण्यातला. थॉमस एडिसन यांनी १८७७ च्या सुमारास टेलिफोनसाठी काजळीच्या गोळीचा मायक्रोफोन बनवला आणि पाठोपाठ १८७८ मध्ये डेव्हिड ह्यूज यांनी सैल टेकलेल्या वाहकांमधील रोध आवाजाच्या कंपनाने बदलतो, हे दाखवून दिले. कार्बनचे कण एकमेकांवर जितके घट्ट दाबले जातील तितके त्यांचे स्पर्शबिंदू वाढतात आणि प्रवाह सोपा होतो. जुन्या काळ्या टेलिफोनचा आवाज बसला की लोक रिसीव्हर तळहातावर आपटत, ते उगाच नव्हे. आतले कण दबून गच्च बसलेले असत आणि आपटल्याने ते मोकळे होत. सैल स्पर्श हा स्विच बनवणाऱ्याच्या दृष्टीने निव्वळ दोष असतो. हा दोषच मोजमापाला वापरायचा, ही कल्पना येथे रुजली.

तिसरा धागा छपाईचा. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमन यांनी १९०७ मध्ये जाळीतून शाई दाबून छापण्याच्या पद्धतीचे, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगचे, पेटंट घेतले. पाट्या, कापड आणि भित्तिपत्रके यांच्यासाठीची ही कला दुसऱ्या महायुद्धात इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिरली. लक्ष्याजवळ पोहोचताच आपोआप फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या भागासाठी, लहान आणि धक्का सोसणारे सर्किट हवे होते, म्हणून अमेरिकेत सिरॅमिकच्या पट्टीवर चांदीच्या शाईच्या रेषा आणि कार्बनचे रोधक छापले गेले. सिरॅमिक भट्टीत भाजता येते. प्लॅस्टिक येत नाही. त्यामुळे कमी उष्णतेत पक्की होणारी शाई आणि ती उष्णता सोसणारी लवचीक फिल्म या दोन्हींची वाट पाहावी लागली. ब्रिटनमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये शोधलेल्या पॉलिएस्टरने दुसरी अडचण सोडवली. याच पॉलिएस्टर फिल्मचा गरवारे यांचा मोठा कारखाना वाळूजला आहे. लोकांना तो खिडक्यांच्या काचांवर लावायच्या फिल्ममुळे ठाऊक असतो.

पॉलिएस्टरवर छापलेले कीपॅड आधी आले. १९८० च्या सिंक्लेअर झेडएक्स ८० या स्वस्त संगणकाचा कीबोर्ड याच जातीचा होता. ‘किती दाबले’ हे सांगणारा सेन्सर मात्र वाद्यांच्या ओढीने आला. हळू वाजवले तर हळू आणि जोरात वाजवले तर जोरात उमटावे, अशी इलेक्ट्रॉनिक वाद्यांची गरज होती. तबल्यावर तळहाताचा भार कमीजास्त करून बायाँ घुमवणाऱ्याला ही गरज समजावून सांगावी लागणार नाही. फ्रँकलिन इव्हेंटॉफ यांना १९८२ मध्ये अशा सेन्सरचे अमेरिकी पेटंट मिळाले आणि त्याच दशकात कॅलिफोर्नियाच्या इंटरलिंक कंपनीने तो बाजारात आणला.

त्याची रचना अजूनही फारशी बदललेली नाही. एका फिल्मवर चांदीच्या शाईने दोन कंगवे छापतात, दात एकमेकांत घुसलेले पण न टेकलेले. समोरच्या फिल्मवर कार्बनयुक्त शाईचा थर असतो. डोळ्यांना तो गुळगुळीत दिसतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली नांगरलेल्या रानासारखा उंचसखल असतो. हलका दाब दिला की फक्त उंच टेकाडे चांदीला टेकतात. दाब वाढला की अधिकाधिक टेकाडे दबून स्पर्शात येतात. दाब नसताना रोध कोट्यवधी ओहम (रोधाचे एकक) असतो आणि मधल्या टप्प्यात भार दुप्पट झाला की तो साधारण निम्मा होतो. दोन थरांमध्ये कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून कडेला बारीक वाट ठेवावी लागते. ती विसरली तर सेन्सर फुग्यासारखा वागतो. कार्बनचे प्रमाण हाही नाजूक मामला आहे. एका मर्यादेखाली कणांची साखळीच जुळत नाही आणि मर्यादेच्या फार वर गेले की दाब असो वा नसो, शाई सारखीच वाहते.

हा सेन्सर काट्यात बसवता येत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. एकाच वजनाला दोन नगांचे आकडे जुळत नाहीत, भार चढवतानाचा आणि उतरवतानाचा आकडा वेगळा येतो, आणि वजन तसेच ठेवले तरी आकडा हळूहळू सरकत राहतो. अडतीत असा काटा ठेवला तर पहिल्याच दिवशी भांडण होईल. पण जिथे ग्रॅमचा हिशेब नको, फक्त ‘कोणी आहे का, कुठे आहे, साधारण किती जोर आहे’ एवढेच हवे, तिथे कागदासारखा पातळ आणि वाकणारा हा सेन्सर लोड सेलला मागे टाकतो. अमेरिकेत एअरबॅगच्या धक्क्याने लहान मुले दगावू लागल्यावर २००० साली प्रगत एअरबॅगचा नियम आला, आणि शेजारच्या सीटवर कोण बसले आहे हे ओळखण्याची गरज वाढली. भारतातही १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालक आणि शेजारचा प्रवासी या दोघांसाठी सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा सक्तीची झाली. सीटवर माणूस आहे हे ओळखण्यासाठी कव्हरखाली जी चटई घालतात, ती पुष्कळदा अशीच छापलेली असते.

पावसाळ्याने शिकवलेला एक धडा मात्र सर्वांना स्वतंत्रपणे शिकावा लागतो. दमट हवेत आणि व्होल्टेज असताना चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, एका रेषेकडून दुसरीकडे सरकतात, मुळांसारखे बारीक फाटे फुटतात आणि शेवटी शॉर्ट होते. म्हणून जाणकार चांदीच्या उघड्या रेषांवर कार्बनच्या शाईचा दुसरा हात मारतात. हा दुसरा हात पहिल्यावर अचूक बसावा म्हणून फिल्म छापण्याआधीच भट्टीत तापवून आकसवून घेतात; नाहीतर पहिली शाई वाळवताना ती आकसते आणि रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन छापांचा मेळ, चुकते.

उरलेली अडचण, म्हणजे शाईचा थर सारखा राखणे, कोणत्याही पुस्तकापेक्षा लग्नपत्रिका छापणारा चांगली सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहान स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानात आम्ही मे महिन्यात कार्बनच्या शाईचे तक्ते छापून पाहिले होते. सकाळचे आणि दुपारचे तक्ते डोळ्यांना एकसारखे काळे दिसत होते. मीटर लावल्यावर दुपारच्या तक्त्यांचा रोध चढत गेलेला आढळला, कारण उन्हाच्या तावाने शाईतील द्रावक उडून जाळीची भोके आतून बुजत चालली होती आणि प्रत्येक तक्त्यावर शाईचा थर आधीपेक्षा पातळ पडत होता. स्क्वीजी, म्हणजे जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी, ओढणाऱ्या कारागिराने ते मीटर लावण्याआधीच ओळखले होते. दर ओढीला आपल्याला जास्त जोर लावावा लागतोय, असे तो अर्ध्या तासापासून सांगत होता.