चाळीसचा पेटतो, शंभरचा नुसता लाल होतो

सांगलीत तासगाव रोडला आमचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. आयटीआय करून नवा पोरगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला दोन होल्डर एकामागे एक जोडायला लावतो. एकात ४० वॉटचा बल्ब, दुसऱ्यात १०० वॉटचा, दोन्ही जुने तारेचे. बटण दाबलं की चाळीसचा पिवळसर का होईना, बऱ्यापैकी पेटतो आणि शंभरची तार कशीबशी लाल होते. पोरगा म्हणतो, "दादा, शंभरचा गेलाय बघा."

गेलेला नसतो. तोच बल्ब घरच्यासारखा समांतर लावून दाखवला की दुकान उजळतं.

समांतर जोडणीवर वेळ घालवत नाही, ती तुम्ही रोज बघता. स्वयंपाकघरातला दिवा बंद केला म्हणून माजघरातला विझत नाही, कारण प्रत्येकाला स्वतंत्र २३० व्होल्ट मिळतात. एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीत एक बल्ब उडाला की सगळे बंद, हेही गणपतीच्या जुन्या माळेनं सगळ्यांना शिकवलंय. शाळेत बहुतेक एवढ्यावरच धडा संपतो. खरा घोळ मात्र पुढे आहे: एकसर जोडणीत जास्त कोण पेटणार?

पहिलं उत्तर हमखास येतं, "करंट आधी चाळीसच्या बल्बात जातो, तो खाऊन टाकतो." हे ऐकलं की मला राहवत नाही. बल्बांची जागा बदला. पेटणारा चाळीसचाच राहतो. करंट कोणी खात नाही. एका वाटेनं जितका आत जातो तितकाच बाहेर येतो, म्हणून दोन्ही बल्बांतून तो सारखाच असतो. वाटून घेतले जातात ते व्होल्ट.

आता काचेवरचा आकडा बघा. "१०० वॉट" हा बल्बचा अंगभूत गुण नाही. २३० व्होल्ट मिळाले तर मी १०० वॉट घेईन, एवढंच तो सांगतो. बल्बची स्वतःची गोष्ट म्हणजे तारेचा रोध, करंटला होणारा अडथळा, जो ओहममध्ये मोजतात. २३० चा वर्ग ५२,९००. त्याला १०० नं भागलं की ५२९ ओहम, ४० नं भागलं की सुमारे १,३२० ओहम. जास्त वॉटच्या बल्बचा रोध कमी असतो, हे इथेच पक्कं करा. हे उलटं धरलं की पुढचं सगळं उलटं जातं.

दोन्ही एकसर जोडले की एकूण रोध साधारण १,८५० ओहम आणि करंट ०.१२ अँपिअर. व्होल्टची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते: चाळीसच्या वाट्याला सुमारे १६४, शंभरच्या वाट्याला ६६. म्हणजे चाळीसचा २० वॉट घेतो, शंभरचा जेमतेम ८. प्रत्यक्षात फरक याहून मोठा दिसतो, कारण टंगस्टनच्या तारेचा रोध ती तापेल तसा वाढतो. शंभरची तार नीट तापतच नाही, तिचा रोध आणखी खाली राहतो आणि वाटाही घटतो.

नववीची मुलं इथे अडतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त असतो. एका सूत्रात शक्ती, म्हणजे वॉट, हा करंटचा वर्ग गुणिले रोध. दुसऱ्यात व्होल्टचा वर्ग भागिले रोध. मग रोध वाढला की शक्ती वाढते की घटते? दोन्ही सूत्रं दोन्ही जोडण्यांत खरी आहेत. फक्त दोन्ही बल्बांना सारखं काय मिळतंय ते आधी विचारायचं. एकसरमध्ये करंट सारखा, म्हणून पहिलं सूत्र धरा: जास्त रोधवाला जिंकतो. समांतरमध्ये व्होल्ट सारखे, म्हणून दुसरं: कमी रोधवाला जिंकतो. हा प्रश्न न विचारता सूत्र पाठ करायला लावणं मला अजिबात पटत नाही.

"वीज कमी रोधाची वाट धरते" हे वाक्यही अर्धवट आहे. ती सगळ्या वाटा धरते. समांतर लावलेल्या त्याच दोन बल्बांत शंभरच्यातून ०.४३ अँपिअर जातो आणि चाळीसच्यातूनही ०.१७ जातोच.

हा प्रयोग एलईडी बल्बांवर करू नका. त्यांच्या आत ड्रायव्हर, म्हणजे करंट सांभाळणारं छोटं सर्किट असतं, साधी तार नाही. एकसर लावले तर लुकलुकतील किंवा पेटणारच नाहीत, आणि त्यातून काही कळणार नाही. तारेच्या बल्बांवर करतानाही उघड्या जोडाला मुलांचा हात लागू देऊ नका, तिथे २३० व्होल्ट असतात.

आमच्या धंद्यात या फरकावर पैसे जातात. टेबलावरच्या सिरीज बोर्डात शंभरचा बल्ब असतो आणि तपासायचा पंखा त्याच्याशी एकसर लागतो. बल्ब मंद पेटला तर कॉइल ठीक, पूर्ण पेटला तर शॉर्ट, पेटलाच नाही तर तार तुटलेली. एकदा शंभरचा फुटला म्हणून पोरानं चाळीसचा बसवला. त्या बल्बचा रोध शंभरच्यापेक्षा जास्त, म्हणून व्होल्टचा मोठा वाटा त्याच्यावरच पडायचा आणि धडधाकट पंखा लावला तरी तो जोरात पेटायचा. मी जेवून परत येईपर्यंत पोरानं शॉर्ट समजून एका चांगल्या पंख्याची कॉइल कापून काढली होती. तेव्हापासून शंभरचे दोन बल्ब कपाटात जादा ठेवतो.