लेकराचा एएनए पॉझिटिव्ह आला? डोळे तपासून घ्या

धंतोलीतल्या आमच्या लॅबमध्ये एएनएचा, म्हणजे मुलांच्या संधिवातात करतात त्या एका रक्ततपासणीचा, रिपोर्ट हातात पडला की आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "खूप जास्त आहे का हो?" काउंटरवरच्या गर्दीत नीट बोलणं होत नाही, म्हणून हे पत्रक.

सोळाव्या वर्षाच्या आत सुरू झालेली, निदान 6 आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज म्हणजे मुलांचा संधिवात, डॉक्टरांच्या भाषेत जेआयए. एएनए ही आपल्याच पेशींच्या केंद्रकाला चिकटणारी अँटिबॉडी. रक्तातलं सीरम पातळ करत जायचं आणि चिकटलेल्या अँटिबॉडीची चमक कुठपर्यंत दिसते ते मायक्रोस्कोपखाली पाहायचं, अशी ही तपासणी. 1:160 म्हणजे 160 पट पातळ केल्यावरही चमक दिसली. आकडा मोठा म्हणून आजार मोठा, असं मात्र नाही. ठणठणीत मुलांमध्येही एएनए सापडतो. नुसत्या त्याच्यावरून संधिवात ठरत नाही.

मग डॉक्टर ही तपासणी का लिहून देतात? डोळ्यांसाठी. संधिवात लहान वयात, साधारण सातव्या वर्षाच्या आत सुरू झाला, मोजकेच सांधे सुजले आणि एएनए पॉझिटिव्ह असला, तर डोळ्याच्या आत सूज येण्याचा धोका वाढतो. तिला युव्हिआयटिस म्हणतात. पावसाळ्यात डोळे येतात तेव्हा लाली, चिकटा, पाणी, सगळं घरभर कळतं. इथे बहुतेकदा यातलं काहीच नसतं. डोळा पांढराशुभ्र, लेकरू खेळतंय, आणि आत बाहुली मागच्या भिंगाला चिकटत चाललेली. तीन वर्षांचं पोरगं "धूसर दिसतं" असं कुठून सांगणार? पुढे मोतीबिंदू, काचबिंदू होऊ शकतो, नजरही जाऊ शकते.

ही सूज वेळेत सापडते ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडच्या स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायच्या दिव्याच्या मायक्रोस्कोपवर. चष्म्याच्या दुकानातला नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. जास्त धोक्याच्या मुलांना पहिली काही वर्षं दर 3 महिन्यांनी दाखवावं लागतं, बाकीच्यांना 6 ते 12 महिन्यांनी. गुडघ्याची सूज उतरली म्हणून तारीख चुकवू नका. सांधे शांत असतानाही डोळा सुजतो. एएनए निगेटिव्ह आला म्हणूनही सुटका नाही, धोका फक्त कमी.

थोड्या मोठ्या मुलांमध्ये, विशेषतः मुलग्यांत, एचएलए-बी27 (रक्त तपासून कळणारी एक जनुकीय खूण) पॉझिटिव्ह असेल तर चित्र उलटं: डोळा अचानक लाल होतो, दुखतो, उजेड सोसत नाही. तेव्हा त्याच दिवशी दाखवा.

आमच्याच धंद्याच्या विरुद्ध एक गोष्ट सांगतो: एएनए दर महिन्याला करू नका. पॉझिटिव्ह आला तर किमान 3 महिन्यांनी एकदा खात्री करतात, तेवढं बहुधा पुरतं. औषध लागू पडतंय का, हे या आकड्यावरून कळत नाही.

रक्त द्यायला उपाशीपोटी यायची गरज नाही. चालू औषधं स्वतःच्या मनाने बंद करू नका. मे महिन्यात ऊन चढायच्या आत या, आणि जुना रिपोर्ट सोबत असू द्या.